दीर्घ ऊचा राऊत

शार्दूलने आमच्या भाल्याची दोन्ही टोकं निरखून पाहिली आणि तो गालातल्या गालात हसला. तेव्हाच मी ओळखलं, या पोराच्या पोटात काहीतरी आहे.

मी रेल्वेत टी.सी. होतो. उभा जन्म नागपूर-बिलासपूर गाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात गेला. विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळतो. एकतर तो खिडकीबाहेर नको तितकं लक्ष देऊन बघत बसतो, नाहीतर आपण होऊन गोड बोलायला येतो. शार्दूल गोड बोलणाऱ्यांतला. मूळचा पुण्याचा, नव्या रायपुरातल्या कुठल्याशा संस्थेत नकाशांचं काम करतो. तिकडे रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, आणि मुळात पलीकडे माणूसच नसतो. म्हणून सुट्टी आली की हा जुन्या रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यात येऊन म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी विचारत फिरतो. प्रमोदिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याचं फार कौतुक. ती त्याला पोहे खाऊ घालते, आणि तो 'काकू, तुमच्या हातची चव' वगैरे म्हणतो. मला 'काका' म्हणतो आणि वाकून नमस्कार करतो. आजकाल विनाकारण कोण वाकतं?

कारण होतंच. आमच्या मराठी मंडळाने नवा हॉल बांधला. त्याच्या लांब भिंतीवर रायपुरातल्या मराठी माणसांचा इतिहास रंगवून घ्यायचं ठरलं, भोसल्यांच्या फौजेपासून नव्या राजधानीपर्यंत, आणि त्याची जबाबदारी शार्दूलवर आली. मग काय, घराघरांतून पूर्वज बाहेर पडायला लागले. कुणाचे पणजोबा इंग्रजांच्या छावणीत औषधं वाटत होते, कुणाच्या पणजीने ओसरीवर मुलींची शाळा भरवली होती. एकाचे आजोबा गणपतीत नाटकं बसवायचे. पुढे पुढे नट सगळे हिंदीवाले आणि मराठी वाचता येणारा एकटा प्रॉम्प्टर, अशी वेळ आली, तरी नाटक बंद पडलं नाही. मंडळाचे सचिव भार्गव यांचे पूर्वज रेल्वे आली तेव्हा गार्ड म्हणून आले. त्यांना दुसरं चित्र मिळालं. शेवटच्या चित्रात नवं मंत्रालय आणि त्यासमोर फायली घेऊन उभे असलेले आजचे लोक.

पहिलं चित्र आमचं. त्यावर वाद नव्हता. भोसल्यांबरोबर जे आले त्यांत आमचा मूळपुरुष होता, आणि तो राऊत होता. राऊत म्हणजे घोडेस्वार. खरं सांगायचं तर त्याच्यानंतर आमच्या घरात घोड्याजवळ कुणी फिरकलं नाही. आजोबा कचेरीत नकला उतरवायचे, बाबा शाळामास्तर, मी टी.सी. लग्नात मी घोडीवर बसलो तेव्हा तिने मला बुढापाऱ्याच्या वळणावर खाली उतरवून दिलं. पण राऊताचा भाला आमच्या देवघरात होता. तेल पिऊन काळा झालेला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीचा बांबू. त्याचं पातं म्हणे आजोबांच्या वेळीच गंजून गळून गेलं. पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आम्हाला आडनावाने कुणी ओळखत नाही, 'भालेवाले' म्हणतात.

आणि राऊताचं पान होतं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे राऊताचं पान वाढतात. ते आमच्या पंगतीत नाही, बाहेरच्या उंबऱ्यापाशी. सगळं जेवण वाढायचं, पण पाणी ठेवायचं नाही. शेजारी भाला आडवा ठेवायचा. मग घरच्या कर्त्याने दाराकडे तोंड करून विचारायचं, "राऊत, पाणी आलं का?" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "हव." एकेक घोट पाणी प्यायचं आणि मग जेवायला बसायचं. बाबा याचा अर्थ सांगायचे. राऊत लढाईत जखमी होऊन पडला, पाणी पाणी करत राहिला, आणि पाणी पोचेपर्यंत गेला. म्हणून तो प्रश्न, आणि म्हणून त्याच्या पानाशी पाणी नाही, त्याला ते दुःख आठवू नये. लहानपणी हे ऐकून मी रडत असे.

आता रायपुरात राउत म्हटलं की कुणालाही दूध काढणारा, गुरं राखणारा राउतच आठवणार. गोवर्धनपूजेला ते कवड्यांची जाकिटं घालून, काठ्या नाचवत, दोहे म्हणत दारोदार येतात. शाळेत पोरं मला चिडवायची. त्यावर बाबांनी मला उत्तर शिकवून ठेवलं होतं. ते म्हणायचे, "ऊ दीर्घ, माणूस घोड्यावर. उ ऱ्हस्व, माणूस गाईमागे. आपला दीर्घ." मी ते छाती काढून सांगायचो.

ही माझ्या मोठेपणाची हौस नव्हती, हे आधीच सांगतो. नागपूरला नात्यातल्या लग्नात गेलो की बायका एकमेकींना सांगतात, छत्तीसगढवाले आले. इथे इतक्या पिढ्या राहूनही नवा रिक्षावाला विचारतो, "भैया, आप लोग असल में कहाँ के हो?" माझा मुलगा सार्थक बेंगळुरूला असतो, मी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतो. मग आम्ही कुठले? राऊत होता म्हणून सांगता येत होतं, की आम्ही कुणाच्या मेहेरबानीने आलो नाही, आपल्या घोड्यावर बसून आलो. तो आमचं तिकीट होता. ते कुणी हिसकावून घेईल ही भीती मला होतीच.

आणि शार्दूलचे प्रश्न तर बघा. भाल्याला दोन्ही टोकांशी खाचा कशाला? पानाशी पाणी का नाही? आणि सगळे 'होय' न म्हणता 'हव' का म्हणता? मी म्हटलं, बाबा, हव तर आम्ही दिवसभर म्हणतो, पुण्यात म्हणत नसाल. तो परत हसला. लिहून काहीच घेतलं नाही, फक्त भाल्याचे फोटो काढले, टोकांचे जवळून. जो लिहून घेत नाही त्याने आधीच काहीतरी ठरवलेलं असतं.

त्यानंतर सगळीकडे मला तेच दिसायला लागलं. हॉलच्या पायऱ्यांवर शार्दूल आणि भार्गव डोक्याला डोकं लावून बोलत होते. मी दिसताच भार्गवने विषय बदलला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. भार्गवने माझ्या गुडघ्याची चौकशी आजवर कधी केली नव्हती. दोन दिवसांनी गेलो तर पहिल्या चित्रावर चादर टाकलेली. बाकीची भिंत उघडी, फक्त आमचा राऊत झाकलेला. चित्रकार यशदीप शिडीवर बसून बिस्किट खात होता. मी चादरीला हात लावला तसा तो खाली उतरला. "अभी नहीं अंकल. शार्दूल सर ने मना किया है. खास आपको."

खास आपको. हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी आलो तर प्रमोदिनी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मला पाहून तिने फोन ठेवला आणि गॅसवाला होता म्हणाली. सिलिंडर आदल्याच दिवशी आला होता. आणि बाबांची तसबीर भिंतीवर नव्हती. काच तडकली, दुरुस्तीला दिली, असं तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं. न विचारता दिलेलं उत्तर, हे तर विनातिकीट माणसाचं अगदी पक्कं लक्षण.

मी हिशेब जुळवला. भार्गवला पहिलं चित्र रेल्वेचं हवं आहे. शार्दूल त्याच्यासाठी आमचा राऊत खोटा पाडून राहिला आहे. आणि माझ्या बायकोला पोह्यांच्या कौतुकात गुंडाळून त्यांनी फितवलं आहे. मला साक्षीदार हवा होता, आणि एकच उरला होता. बाबांची धाकटी बहीण, कुमुदआत्या. नव्वदी ओलांडली आहे, अभनपुरला मुलाकडे राहते. हवं तेव्हा तिला उत्तम ऐकू येतं. शार्दूल तिथे पोचायच्या आत मला पोचायचं होतं. घरात डॉक्टरकडे जातो सांगून मी अभनपुरची बस पकडली.

आत्या अंगणात खाटेवर ऊन खात बसली होती. मी पाया पडलो, चहा घेतला, इकडचंतिकडचं बोललो, आणि मग फोन काढून तिच्यासमोर धरला. म्हटलं, आत्या, यात बोल. एवढंच सांग की आपला राऊत घोड्यावर बसून आला होता.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, ती खोकला येईपर्यंत. सुनेने पाणी आणून दिलं.

"घोडा?" ती म्हणाली. "घोडा तुह्या बापानं आणला, नीलू. आपल्या घरात कोणाचा घोडा होता?"

मला वाटलं, तिचं वय बोलून राहिलं. मी आवाज चढवून म्हटलं, भोसल्यांबरोबर आपला मूळपुरुष आला, तो राऊत. ती म्हणाली, तो आला बैलगाडीत, दौत-लेखणी घेऊन. तो कारकून होता. राउत वेगळा. राउत इथला.

ही गोष्ट तिला तिच्या आजीने चुलीपाशी सांगितली होती. पुरुष बाहेर बसायचे, त्यांच्या कानावर अर्धीच जायची. कारकुनाचं बिऱ्हाड इथे येऊन फार दिवस झाले नव्हते. ना भाषा कळत होती, ना कुणी ओळखीचं. तळ्यावरून पाणी भरायला एक राउत लावला होता, तेव्हा घरोघरी राउतच पाणी भरत. आणि गावात मरी आली. कारकून त्यात गेला. साथीचं घर म्हणून लोक रस्ता बदलून जायला लागले. आत तापाने फणफणलेली त्याची बायको आणि तिचं अंगावरचं पोर. तिला उठवत नव्हतं. पण राउत रोज कावड घेऊन येत राहिला. तो उंबऱ्याबाहेर उभा राही, ती आतून पडल्या पडल्या विचारी, राउत, पाणी आलं का? तो बाहेरून म्हणे, हव.

"मंग एक दिवस तो 'हव' म्हनालाच नाही," आत्या म्हणाली. "ती विचारत राहिली, विचारत राहिली. शेवटी सरपटत दाराशी गेली. दोन्ही घडे भरून ठेवले होते, कावड आडवी ठेवली होती, अन् तो भिंतीले टेकून बसला होता. गेला होता. त्या पाण्यावर ते पोरगं जगलं, नीलू. ते जगलं म्हणून तू अन् मी."

मी विचारलं, मग भाला? आत्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अजून चड्डीत आहे. दोन्ही टोकांना खाचा आहेत ना, म्हणाली. घड्यांची दोरी घसरू नये म्हणून. आणि पानाशी पाणी ठेवत नाहीत, कारण पाणी आणणारा तोच. त्याला कोण पाणी देणार?

"बाबांनी काहून असं केलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

"शाळेत पोट्टे इचारत, तुमच्या घरी राउताचं पान काहून मांडते? त्याले लाज वाटे. मास्तर झाला तवा त्यानं त्याले घोड्यावर बसवलं. मी म्हणलं, दादा, हे काय? तो म्हणाला, तू चूप राह्य. मी राह्यली." मग तिने शालीचं टोक अंगावर ओढून घेतलं. "तुमी कोनी मले विचारलं कधी?"

शार्दूल येऊन गेला का, हे मी निघताना विचारलं. "कोण शार्दूल?" ती म्हणाली.

म्हणजे कुणीच आलं नव्हतं. ज्याने आमच्या राऊताला घोड्यावरून खाली ओढलं तो मीच होतो, आणि हे माहीत असणारी दुसरी एकच व्यक्ती अभनपुरला ऊन खात बसली होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर नको तितकं लक्ष देऊन बघत होतो. फोन खिशात होता, आत्याचा आवाज त्यात होता, पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. पुसावा असं मला वाटलं, हे लपवत नाही. बाबांचा राग आला. मग त्यांची दया आली, पोरांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या त्या पोराची. आणि मग डोळ्यांपुढे तो माणूस आला, भिंतीला टेकून बसलेला, आणि मला पुढे काही विचार करता येईना.

घरी न जाता मी हॉलवर गेलो. तिथे शार्दूल, भार्गव, यशदीप आणि चक्क प्रमोदिनी. मला पाहून सगळे गडबडले. मग शार्दूल म्हणाला की आता लपवण्यात अर्थ नाही, पाडव्याला सकाळी दाखवणार होतो, पण काका आलेच आहेत. आणि त्याने चादर ओढली.

पांढराशुभ्र घोडा पुढचे पाय उचलून उभा होता. त्याच्यावर पागोटं बांधलेला स्वार, आणि त्याचा चेहरा माझ्या बाबांचा. तीच कपाळाची आठी, तेच नाक. बाबांची तसबीर शिडीशेजारच्या स्टुलावर ठेवली होती. प्रमोदिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. घोड्याची शेपटी मावेना म्हणून भार्गवने आपल्या रेल्वेच्या चित्रातली हातभर जागा सोडली होती, पायऱ्यांवर कुजबुज चालली होती ती त्याची. माझ्याविरुद्ध कट होता, तो एवढाच.

स्वाराच्या हातात भाला होता. यशदीपने फोटोबरहुकूम काढलेला, दोन्ही टोकांना खाचा असलेला. मी शार्दूलला विचारलं, त्या दिवशी तुम्ही ही टोकं पाहून हसलात काहून?

तो ओशाळला. म्हणाला, "आमच्या आजोळी माळ्यावर अशीच खाचांची काठी होती, काका. कशाची ते माहीत नाही. आम्ही पोरं तिचा घोडा करून अंगणभर पळायचो. ते आठवलं."

मी खाली बसलो. प्रमोदिनीने पुढे होऊन माझ्या पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं मला आनंदाने भरून आलं.

"घोडा काढा," मी म्हटलं.

कुणाला कळेना. भार्गवने डोळे बारीक केले. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. "नीलकंठभाऊ," तो म्हणाला, "घोडा नको, तर मंग आता काय पाहिजे तुम्हाले? हत्ती?"

मी फोन काढला आणि आत्याचा आवाज लावला. तिचं हसणं, खोकला, सुनेचं येणं, आणि मग सगळं. 'तुमी कोनी मले विचारलं कधी' इथे ते संपलं. भार्गव भिंतीकडे बघत राहिला. प्रमोदिनीने स्टुलावरची बाबांची तसबीर उचलली, पदराने पुसली आणि छातीशी धरून उभी राहिली.

यशदीपने विचारलं, घोड्यावर पांढरा मारून कावडवाला काढता येईल, पण चेहरा? हाच राहू द्यायचा का? मी नाही म्हटलं. बाबांनी त्याला उभ्या जन्मात ओळख दिली नाही, आता त्याच्या अंगावर बाबांचं तोंड कसं चिकटवायचं? आणि त्याचा चेहरा आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. तो बाहेर उभा राहायचा, आम्ही आत होतो. शेवटी पाठमोरा काढायचं ठरलं. खांद्यावर कावड, पुढे एक बंद दार.

"और नीचे नाम? मैंने तो बड़ा ऊ लिख दिया है."

"छोटा करो," मी म्हटलं.

पाडव्याला सार्थक घरी आला होता. सकाळी चित्र उघडलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की खरं काय, भार्गवने दबाव आणला का? मी नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

दिवेलागणीला पानं मांडायची वेळ झाली. बाहेर रस्त्यावर गोवर्धनपूजेचे राउत नाचत चालले होते, काठ्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मी कावड घेऊन उंबऱ्यापाशी गेलो तर तिथे पान नव्हतं. प्रमोदिनीने ते आत घेतलं होतं, आमच्या ओळीत, माझ्या शेजारी. मला विचारलं नव्हतं. मी कावड त्या पानाशेजारी ठेवली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तो माझ्या तोंडून फुटेना. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या माणसाला एकच विचारत आलो होतो, पाणी आलं का. तू प्यालास का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. माझ्या पानाशी असलेला पाण्याचा तांब्या मी उचलला आणि त्याच्या पानापाशी ठेवला.

"राउत," मी म्हटलं, "पाणी घ्या."

यावर काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग सार्थक हळू आवाजात म्हणाला, "हव."